दुसऱ्यांदा पडलेली रेघ

सांगताना एखादा शब्द इकडचा तिकडे होईल, पण घटना खोटी नाही. घडलं भरदुपारी. गेल्या आश्विनात, बोर्ली पंचतनजवळच्या एका खाडीवर.

मितेशचं गावात इंटरनेट पुरवायचं छोटं ऑफिस होतं. तिथे एका पडद्यावर प्रत्येक वायरीची हिरवी रेघ दिसे... किती माहिती येते, किती जाते. गावातल्या रेघा सतत वरखाली व्हायच्या. खाडीपलीकडची मात्र सरळ. तिकडे बंद पडलेला कोळंबी प्रकल्प आणि पाण्याची पातळी कळवणारं एक यंत्र. बाकी कोणी नाही. मोबाइलला रेंजही नाही.

म्हणून वायरमन मोरू पलीकडे गेला की खुणेवर काम चाले. खांबाखालच्या पेटीतली वायर त्याने एकदा काढून लावली की इथे रेघ एकदा खाली पडे. म्हणजे, होडी घेऊन ये. दोनदा पडली म्हणजे, मुक्काम करतो, येऊ नको.

त्या सकाळी मितेशने त्याला पलीकडे सोडलं.

"शेठ, खुर्चीत घोरत बसू नको. न्हायतर मी हिकडंच म्हातारा व्हायचो."

"म्हातारे आहातच की, मोरूकाका!"

जेवणानंतर वारा उठला.

"अरे, आण जा त्यांना," ऑफिसात फोन घेणारी मुलगी, प्रणाली, म्हणाली.

मितेशने होडीची चावी उचलली. तेवढ्यात रेघ पडली... वर आली.

एकदा.

तो दाराकडे वळला.

पुन्हा पडली...

"दोनदा. मुक्काम करतायत."

"ह्या वाऱ्यात?"

"काकींपासून सुटका, दुसरं काय!"

दोघंही हसली.

थोड्या वेळाने परत तेच. एकदा... मग दुसऱ्यांदा.

"कळलं हो, काका! किती वेळा सांगाल?"

दिवस मावळेपर्यंत तसंच चाललं. पहिल्यांदा रेघ अडखळत पडायची. दुसऱ्यांदा मात्र सावकाश... शांतपणे.

सकाळी पडद्यावर ती रेघच नव्हती.

मितेश होडी घेऊन तडक पलीकडे गेला. हाक मारली.

मोरू खांबाखाली पडला होता. शिडी सुटून कंबर मोडलेली. रात्रीची भरती अंगावरून गेलेली. मुठीत वायरीचं टोक.

जीव होता.

"काल दुपारपासून बोलावतोय... आला न्हायस."

"काका, रेघ दोनदा पडत होती!"

"मी एकदाच काढायचो. मंग... त्यो काढायचा."

"कोण?"

"उशाला बसला हुता. माझाच हात धरून..."

मितेशने त्याला कसंबसं होडीत घातलं. अर्ध्या खाडीत मोरूने मान वळवली. होडीच्या रिकाम्या टोकाकडे बघत पुटपुटला,

"ह्याला कशाला घेतलास बरोबर?"

त्यानंतर तो बोलला नाही. किनारा लागायच्या आत गेला.

बातमी ऐकून त्याची बायको सोनाबाई धक्क्यावर आली. रडली नाही.

"त्यांनी तुला बोलावलं न्हवतं?"

"बोलावलं होतं, काकी."

त्या दिवसापासून ती मितेशचं तोंड बघत नाही. तेही तो सोसतो.

पण एक गोष्ट त्याने तिला अजून सांगितलेली नाही. होडी धक्क्याला लागली तेव्हा तिचं ते रिकामं टोक हलकेच वर उचललं गेलं... कोणी उतरल्यावर उचलतं तसं.

मोरू होडीतच होता.