टपावरची टाकी

फियाट खाकरली, थरथरली आणि एकदाची सुरू झाली. कळंब गावातल्या गोठ्यामागे उभ्या असलेल्या त्या जुन्या मोटारीभोवती टाळ्या वाजल्या. सर्जेराव, म्हणजे सारजाचे वडील तात्या, स्टिअरिंगमागून म्हणाले, "बघा. मोटारसायकलच्या दमावर मोटार पळती."

कुठली पळते! दोनच मिनिटांत काळा धूर सोडून ती बंद पडली. सकाळपासूनची ही चौथी खेप.

मोटारीचा कार्बोरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारं भांडं, म्हातारा होऊन गेला होता. नव्याची किंमत ऐकल्यावर तात्यांनी बारामतीच्या जुन्या बाजारातून दोन मोडक्या मोटारसायकली मातीमोलानं उचलल्या. त्यांचे दोन कार्बोरेटर, वेल्डरनं जोडून दिलेला एक लोखंडी पाइप आणि मोटारसायकलींचा मिस्त्री सावळाराम, एवढ्या भांडवलावर फियाट चालवायची असा बेत होता.

दर मे महिन्याच्या सुट्टीत तात्यांच्या हाताशी सारजा असायची. दहाचा पाना कुठला आणि बाराचा कुठला हे तेरा वर्षांच्या सारजाला डोळे मिटून कळायचं. यंदा मात्र बारामतीचा आतेभाऊ विजयसिंह सुट्टीला आला आणि सगळं फिसकटलं. विजू, पाना दे. विजू, बॅटरी धर. सारजाला त्याचा इतका हेवा वाटायचा, की त्याच्या ताटातली आंब्याची फोड मोठी दिसली तरी तिच्या पोटात दुखायचं. त्यात गाडी चालू झाली की रविवारी भिगवणला मासे खायला जायचं आणि पुढच्या सीटवर विजूला बसवायचं, असं तात्यांनी जाहीर केलेलं. ती जागा सारजाची होती. गाडी घरी आली त्या दिवसापासून तिचीच होती!

बॉनेटमधून डोकं बाहेर काढून सावळाराम म्हणाला, "कुणीतरी स्क्रू फिरवलाय. माझं सेटिंग चुकायचं न्हाय."

शेजारच्या गेणूच्या पोटात काही राहत नसे. तो लगेच म्हणाला, "काल सारजा व्हती हितं. पेचकस घिऊन."

सगळ्यांनी सारजाकडे पाहिलं.

"फिरवलास?" तात्यांनी विचारलं.

"व्हय. अर्धा आटा. पण लगेच व्हता तसा केला, तात्या. शप्पत."

"का फिरवलास?"

जळफळाटानं फिरवला, असं कोणी तोंडानं सांगतं का?

"आजपासनं गाडीला हात लावायचा न्हाय," तात्या म्हणाले. "आन् सावळाराम, सांजच्यापर्यंत चालली न्हाय तर उद्या भंगारवाल्याला बोलावतो."

सारजानं मान खाली घातली, आणि म्हणूनच तिला गाडीखालची माती दिसली. ती ओली होती. शेजारी सावळाराम विडी तोंडात धरून काडी ओढायच्या बेतात होता.

"काडी ओढू नका!" सारजा ओरडली. "खाली पेट्रोल सांडलंय."

सावळारामानं वाकून पाहिलं आणि काडी मुकाट्यानं पेटीत ठेवली. "भरताना सांडलं आसंल," तो म्हणाला, आणि दोघं मोठे जेवायला निघून गेले. भरताना एकदा सांडलेलं पेट्रोल मे महिन्याच्या उन्हात अजून वाळलं कसं नाही, हा प्रश्न त्यांना पडला नाही.

सारजा डोळे पुसत म्हशींच्या हौदाकडे गेली. तिथं वेगळाच घोळ! एरवी हौदात वरच्या टाकीचं पाणी यायचं. हौद भरला की तरंगता गोळा वर जायचा आणि पाणी आपोआप बंद व्हायचं. आज लाईट आली म्हणून आईनं घाईघाईत विहिरीच्या मोटरचा पाइप थेट हौदाच्या नळाला जोडला होता. गोळा पार वर गेला होता, तरी पाणी भसाभस उतू चाललं होतं. सारजानं गोळा दोन्ही हातांनी दाबून पाहिला. मोटरच्या जोरापुढं त्याचं काही चालेना.

आणि तिथंच तिला उमगलं. सावळाराम रॉकेलनं कार्बोरेटर धूत होता, तेव्हा त्यातही असाच चिमुकला गोळा होता. मोटारसायकलची टाकी कार्बोरेटरच्या वर असते, पेट्रोल आपसूक उतरतं. फियाटची टाकी मात्र मागं, खाली. तिथून पेट्रोल ढकलायला इंजिनाला पंप! त्या पंपाच्या जोरापुढं चिमुकल्या गोळ्याचंही काही चालत नव्हतं, म्हणून पेट्रोल उतू जात होतं आणि इंजिन गुदमरत होतं.

पण गाडीला हात लावायचा नव्हता. म्हणजे विजूची मनधरणी करणं आलं. सारजाच्या जिवावर आलं, तरी गेली.

विजूनं सगळं ऐकून घेतलं. "मग मामांना तूच सांग की."

"माझं ऐकत्यात व्हय? तुझं सगळं खरं आसतंय."

"टोमणे मारू नकोस," विजू चिडला. "दिवसभर मामा काय म्हणतात माहितेय? सारजानं न सांगता पाना दिला असता. सारजाला आवाजावरनं कळलं असतं. ऐकून ऐकून मला तुझा वैताग आलाय."

"खरंच आसं म्हणत्यात?" सारजानं विचारलं. मग आणखी एकदा विचारलं.

पुढचा तासभर तिघांनी घाम गाळला. मोडक्या मोटारसायकलीच्या टाकीवर कोंबडी बसली होती, तिला गेणूनं हुसकावलं. ओल्या मातीवर कोरडी माती टाकली. टाकी धुऊन फियाटच्या टपावर बैलाच्या कासऱ्यानं आवळली आणि तिच्यात पेट्रोल ओतलं. विजूनं पंपाकडे येणारी नळी काढून तिच्यात खुंटी ठोकली आणि टपावरच्या टाकीची नळी कार्बोरेटरना जोडली. सारजा दोन्ही हात पाठीमागं धरून नुसती सांगत होती. हात न लावण्याचा हुकूम तिनं तंतोतंत पाळला.

जेवून आलेला सावळाराम पोट धरून हसला. "टपावर पेट्रोल? वरातीतबी आसलं बघितलं न्हाय."

तात्यांनी मात्र चावी फिरवली. दोन मिनिटं झाली. पाच झाली. दहा झाली. धूर नाही, खोकला नाही. सावळारामानं वाकून पाहिलं, तर खालची माती कोरडी.

"ही अक्कल कुणाची?" तात्यांनी विचारलं.

सारजानं विजूकडे पाहिलं. विजूनं हो म्हटलं असतं, तर कोणालाही खरं वाटलं असतं.

"सारजाची," विजू म्हणाला. "माझे फक्त हात."

सावळारामानं आपले कान पकडले. "मोटारसायकलला पंप नसतोय, म्हणून पंप ध्यानातच आला न्हाय. पोरी, माझ्या दुकानात ये, गल्ल्यावर तुला बसवतो."

"ती कुठं जात न्हाय," तात्या त्याला म्हणाले आणि सारजाकडे वळले. "स्क्रू फिरवलास ते चुकलंच. पण मी चौकशी न करता बोललो, ते जास्त चुकलं."

रविवारी टपावर टाकी मिरवत फियाट निघाली. "सारजा, पुढं ये," तात्यांनी हाक मारली. विजू गुपचूप मागच्या दाराकडे वळला. त्याचा चेहरा सारजाला ओळखीचा वाटला. आठवडाभर ती तोच चेहरा घेऊन हिंडली होती.

"ये हिकडं. सीट सलग हाय, तिघं मावत्यात," ती म्हणाली. "खिडकी मात्र माझी."

"आन् मी?" गेणू म्हणाला.

"तू चुगलखोर. तू मागं."

भिगवणच्या अलीकडं गाडी जरा अडखळली. तात्यांनी ती कडेला घेतली, खाली उतरले आणि बॉनेट उघडून, वळून न बघताच हात मागं केला. "सारजा, दहाचा."

पाना विजूच्या मांडीखाली होता. त्यानं तो काढून सारजाला दिला, आणि सारजानं खाली उतरून तो तात्यांच्या हातात ठेवला.