माणिककाकांच्या पाचरी आणि कागदाची पट्टी

“माझ्या बाबांनी सिमेंट खाल्लं म्हणे!” सिद्धोधनने सायकल कडुनिंबाखाली आदळली. “हॉटेलात बसून समदे हसायलेत!”

मनिषा आणि योगीराज ही चुलत भावंडं कैरीला तिखटमीठ लावत बसली होती. कैरी तशीच हातात राहिली.

“कोण म्हणालं असं?” मनिषा ताडकन उठली.

“कोण न्हाई म्हणालं ते इचार!”

पोखर्णीच्या रस्त्यालगत दत्तराव आबांच्या मालकीची दोन दुकानं होती. एकात माणिककाकांचं मोटारसायकलचं गॅरेज, दुसऱ्यात कमलमावशीचं शिवणकाम. मधली भिंत सिद्धोधनच्या वडिलांनी, धम्मानंद मिस्त्रींनी, दिवाळीत बांधली होती. आणि आता ऐन मे महिन्यात तिला वरून खालपर्यंत तडा गेला होता! शाळेच्या वाचनालयाची खोलीसुद्धा मिस्त्रीच बांधणार होते. पण शाळा समितीचे अध्यक्ष असलेल्या आबांनी सांगून टाकलं होतं, “उद्या सकाळी मी दुसरा मिस्त्री ठरवतो.”

“तुझे बाबा काय म्हणाले?” योगीराजने विचारलं.

“ओळंबा पुसून पिशवीत ठेवला अन् भिंतीकडं तोंड करून पडले.”

मनिषाचे कान लाल झाले. “आमच्या न्हाणीत एक वीट वाकडी बसली, तर त्यांनी अख्खा थर उतरवला होता! तो माणूस सिमेंट खाईल? चला, ती भिंतच बघू!”

कमलमावशी झंपर शिवत होती. पलीकडे गॅरेजमध्ये मशीन धडधडत होती. तिघं तड्याला नाक लावून उभी राहिली. इतक्यात फळीवरचा बटणांचा डबा आपोआप पुढे सरकायला लागला! खुट... खुट... खुट... काठावर येऊन थांबला.

“मावशी, तुझा डबा चालायलाय!”

“रोज पडतो बाई तो. मी म्हणलं, मांजर पाडत आसंल,” मावशी म्हणाली.

“मांजर? हितं तर कुणीच न्हाई!” योगीराज म्हणाला.

मनिषाने बोट वर केलं. “गप! ऐका. डबा थांबला तेव्हाच पलीकडचा आवाजही थांबला!”

सिद्धोधनला बाबांची एक रीत आठवली. त्याने पतंगाच्या कागदाची पट्टी खळीने तड्यावर आडवी चिकटवली. “तडा जुना आसंल तर पट्टी तशीच राहील. वाढत आसंल तर फाटंल.”

दोन तासांनी पट्टी मधोमध फाटलेली होती!

तिघं तडक गॅरेजमध्ये गेली. कोपऱ्यात हवा भरायचा कॉम्प्रेसर होता. लांबट टाकी, तिच्यावर मोटर आणि पट्टा. टाकी आणि भिंत यांच्यामध्ये लाकडाच्या तीन जाड पाचरी ठोकलेल्या होत्या.

“ह्या कशाला, काका?”

माणिककाका खुशीत हसले. “अरे, पहिले हा गडी सुरू केला की दारापर्यंत चालत जायचा! मग मी पाचरी ठोकल्या. एकदम गच्च! आता हालून दाखव म्हणावं!”

“मग ती थरथर जाती कुठं?” मनिषाने विचारलं.

“जाती कुठं म्हंजे? बंद झाली!”

“बंद न्हाई झाली, भिंतीत जायलीय!” सिद्धोधन ओरडला. “तडा तुमच्यामुळं गेलाय, अन् नाव माझ्या बाबांचं!”

काकांचं हसू मावळलं. “पळा रे! आबांनी दोनदा हात लावून पाहिलंय. भिंत गप उभी होती.”

मावशीकडे परत येताच योगीराज म्हणाला, “आबांना कसं काय कळलं न्हाई?”

“कसं कळंल?” मावशीने दोरा दातांनी तोडला. “आबा दारात दिसले की माणिकराव मेन स्विच पाडतेत. मोठ्या माणसासमोर गोंगाट नको, खुर्ची टाकायची, चहा सांगायचा!”

“म्हंजे आबांनी झोपलेल्या मशीनची भिंत पाहिली!” मनिषाने मांडीवर थाप मारली. “हा कुठला न्याय? योग्या, गावात सायकली किती मिळतील?”

संध्याकाळी पाच वाजता गॅरेजसमोर बारा सायकली उभ्या होत्या. चोवीस चाकं, सगळी चपटी!

“समद्यांची हवा एकदमच गेली?” माणिककाका चक्रावले. “काटे पेरले का रे कुणी?”

“लय ऊन हाय ना, काका,” योगीराज साळसूदपणे म्हणाला. “भरा लवकर, मॅच हाय आमची.”

टाकीतली हवा कमी झाली की मोटर आपोआप सुरू होते, हे त्याने दुपारीच हेरून ठेवलं होतं.

त्याच वेळी मनिषा आणि सिद्धोधन आबांना मागच्या दाराने मावशीकडे घेऊन आले होते.

“पाचच मिनिटं, आबा. हात भिंतीवर ठेवा.”

“ठेवला. काय होतंय?” आबा कुरकुरले. “पोरांनो, माझा वेळ...”

पलीकडे नवव्या सायकलीला हवा भरताना मोटर सुरू झाली. धडधडधड! आबांनी चटका बसावा तसा हात मागे घेतला. नवी लावलेली पट्टी त्यांच्या डोळ्यांसमोर कडेने फाटत गेली. आणि बटणांचा डबा थेट आबांच्या पायावर!

“आयायाय! अरे, ही तर थरथरायलीय!”

आबा लंगडत गॅरेजमध्ये शिरले. माणिककाकांचा हात सवयीने स्विचकडे गेला.

“थांब!” आबा गरजले. “चालू ठेव! बघू दे मला!”

पाचरी थडथडत होत्या. बघून झाल्यावर आबांनीच मशीन बंद करायला सांगितली.

“तुला माहीत होतं, माणिक?”

काकांनी मान खाली घातली. “दोन दिवसांपासून शंका आलती, आबा. पण भिंतीचा खर्च माझ्यावर येईल म्हणून...”

“दोन दिवस!” सिद्धोधन पुढे सरसावला. “दोन दिवस माझ्या बाबांना लोक चोर म्हणायलेत, अन् तुमी त्यांच्यातच बसून चहा पीत होतात!”

आबा म्हणाले, “वाचनालय धम्मानंदच बांधंल.”

“एवढ्यावर भागणार न्हाई,” मनिषा म्हणाली. “हॉटेलात बदनामी झाली ना? मग हॉटेलातच सांगायचं. समद्यांसमोर!”

माणिककाका गेले. बाकड्यापाशी उभं राहून त्यांनी मोठ्याने सांगितलं, “भिंत चांगली होती. चूक माझी हाय.” हसणाऱ्यांनी कपात तोंड घातलं.

“पण पाचरी काढल्यावर मशीन चालत सुटली तर?” परत आल्यावर त्यांनी विचारलं.

मनिषाने त्यांना मावशीच्या शिलाई मशीनपाशी नेलं. चारही पायांखाली जुन्या चपलेच्या तळाचे तुकडे होते. “बांधली न्हाई, तरी सरकत न्हाई. थरथर रबरातच जिरती!”

दुसऱ्या दिवशी काकांनी मेन स्विच बंद केला आणि टाकीतली हवा सोडून दिली. मिस्त्रींनी पाचरी काढल्या, जमिनीवर लेव्हल लावली. टाकीच्या एका पायाखाली बोटभर खड्डा निघाला.

“म्हणून हा डुलत होता,” ते शांतपणे म्हणाले. त्यांनी सिमेंटने जमीन सपाट केली. ते पक्कं झाल्यावर चारही पायांखाली ट्रकच्या जुन्या टायरचे जाड तुकडे ठेवून बोल्ट बसवले. “नट फार आवळू नका. रबर चेपलं की त्याचा उपयोग संपला.” भिंतीला ठोकलेल्या हवेच्या लोखंडी पाइपाच्या जागी त्यांनी लवचीक रबरी नळी बसवायला लावली.

मग तडा बुजवला आणि सिद्धोधनने त्यावर नवी पट्टी चिकटवली, तारीख घालून.

आठ दिवसांनी आबा मुद्दाम कॉम्प्रेसर चालू असताना आले. पट्टी अखंड होती. डबा जागच्या जागी होता.

“उगाच मांजरीला बोल लावला मी,” मावशी म्हणाली.

“मी हात लावून पाहिलं, पण नीट पाहिलं ते ह्या पोरांनी,” आबा म्हणाले. “शाबास!”

वाचनालयाच्या पायाभरणीला मिस्त्रींनी पिशवीतून ओळंबा काढला आणि सिद्धोधनच्या हातात दिला.

“धर. पहिली वीट तुझ्या नजरेनं लावू.”