एकशे दहाच्या वर नको

बसा. पँट आखूड करायला फार वेळ लागायचा नाही. फक्त मी बोलताना पाय थांबवणार नाही, त्याचा राग मानू नका. मशीनखाली कापड नसतानाही मी पायडल का मारत बसते, असं तुम्ही विचारलंत. सगळेच विचारतात, आणि उत्तर सुरू झालं की त्यांना घरची कामं आठवतात. तुमची पँट माझ्या हातात आहे, तेव्हा तुम्ही काही उठत नाही.

हे मनगटावरचं घड्याळ आमच्या ह्यांचं. ह्यांनी सगळी नोकरी बस चालवण्यात काढली. निवृत्त झाले आणि वर्षाच्या आत छातीत कळ आली. हृदयाच्या नळीत जाळी बसवून घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं, रोज चालायचं, पण ठोके एकशे दहाच्या वर नको. मुलीने ट्रेडमिल पाठवली, सोबत ठोके दाखवणारं हे घड्याळ. ट्रेडमिलला जागा एकच होती, इथे, गिऱ्हाइकांच्या या आरशासमोर. मी शाळेचे गणवेश शिवायची आणि हे तिथल्या तिथे चालायचे. मी म्हणायची, "जन्मभर लोकांना पोचवलंत, आता तासभर चालून इंचभर पुढे जात नाही तुम्ही." हे हसायचे. हसले की ठोके दोन-चारने वाढायचे, आणि मग माझ्याच तोंडचं पाणी पळायचं. त्या आकड्यात माझा जीव अडकला होता, खोटं कशाला सांगू?

एका संध्याकाळी हे नेहमीसारखे रमतगमत चालत होते आणि घड्याळावर आकडा आला एकशे बावन्न. मी ओरडलेच.

"अगं, मला काही होत नाहीये," हे म्हणाले. धाप नव्हती, घाम नव्हता. दुसऱ्या दिवशीही तोच आकडा. तिसऱ्या दिवशी मी हॉस्पिटलमधल्या व्यायाम शिकवणाऱ्या मुलीला बोलावून घेतलं.

मोठी गोड मुलगी. ह्यांच्या मानेवर दोन बोटं ठेवून तिने ठोके मोजले. शंभराच्या आत भरले.

"घाबरू नका काकू," ती म्हणाली. "पट्टा सैल असला की हे घड्याळ फसतं. आतल्या ठोक्यांपेक्षा पावलांचे धक्के त्याला जास्त जाणवतात. मग ते पावलंच मोजतं आणि ठोके म्हणून दाखवतं."

मला इतकं हलकं वाटलं की रडूच आलं. मानेवर बोटं कशी ठेवायची तेही तिने मला शिकवलं. पट्टा घट्ट केला. आकडा हलला नाही. मग तिने मोबाईल काढला आणि मिनिटभर ह्यांची पावलं मोजली. पुन्हा मोजली. शहाण्णव.

"मग एकशे बावन्न कुणाची?" मी विचारलं.

घड्याळ स्वतःच्या हातावर बांधून तिने चालून पाहिलं, तर आकडा बरोबर येत होता. पुन्हा ह्यांच्या हातावर बांधलं. एकशे बावन्न. "बिघडलं असेल..." असं पुटपुटत ती निघाली. चपलेचा पट्टाही लावला नाही तिने.

त्या संध्याकाळी हे चालत असताना मी मुद्दाम माझं शिवणाचं मशीन थांबवलं. तोवर मशीनच्या खडखडाटात मला कधी काही ऐकूच आलं नव्हतं. आता ऐकलं. ट्रेडमिलवर ह्यांची पावलं पडत होती, सावकाश, उजवं जरा जड. आणि त्यांच्या मागून दुसरी पावलं. हलकी, भराभर... कुणीतरी जिवाच्या आकांताने पळत असल्यासारखी.

"अहो... ऐकू येतंय का?"

"पहिल्या दिवसापासून," हे म्हणाले. नजर आरशात होती. "म्हणून तर चालतोय."

मी आरशात पाहिलं. ह्यांच्या मागे माझी गणवेशांची चळत होती, बाकी काही नाही.

"बस सुटली की मागून माणसं पळतात," हे हळू आवाजात म्हणाले. "आरशात दिसतात. थोडं पळतात, दमतात, शिव्या देऊन थांबतात. एक थांबला नव्हता गं... पुढचा थांबा गेला, त्याच्या पुढचा गेला. पळतच होता. गाडीपाशी यायला एवढंसं अंतर राहिलं होतं त्याचं."

"मग?"

"मी वेग वाढवला."

त्यानंतर हे थांबेनात. दुपारी चालायचे, संध्याकाळी चालायचे. पाय सुजले. झोपेतही चादरीखाली पाय हलत राहायचे. मी हातापाया पडले, भांडले, ट्रेडमिलची वायर लपवून ठेवली. तर हे खोलीत गोल गोल चालायला लागले. मी घड्याळ ओढून काढलं, तेव्हा लहान मुलासारखे रडले. "तो अजून पळतोय की पोचला, तेवढं तरी कळू दे मला." शेवटी वायर आणि घड्याळ, दोन्ही मी परत दिलं. डॉक्टर फोनवर म्हणाले, भीती बसली आहे, झोपेची गोळी देऊ. मला फक्त माझा माणूस हवा होता. कुणाच्या पाया पडायचं तेच कळत नव्हतं.

आणि एका संध्याकाळी दिवे गेले.

ट्रेडमिलचा पट्टा थांबला. हे कठड्याला धरून उभे राहिले, पाय उचलायचं त्राणच नव्हतं त्यांच्यात. खोलीत मिट्ट काळोख, तापलेल्या रबराचा वास, आणि उजेड फक्त या घड्याळाचा. मी चाचपडत जाऊन त्यांना कवेत घेतलं.

आकडा उतरू लागला. एकशे चाळीस... एकशे वीस... शंभर. व्यायाम थांबवला की ठोके असेच उतरले पाहिजेत, हे त्या मुलीने सांगितलं होतं. मी आनंदाने म्हणाले, "बघा, उतरतोय. सगळं ठीक आहे. बघा ना..."

आणि दोन बोटं त्यांच्या मानेवर ठेवली.

मानेतली शीर नुसती फडफडत होती. मोजता येईना, इतकी. आकडा त्यांचा नव्हताच. ऐंशी... साठ... मागची पावलं आता पळत नव्हती. चालत होती. पोचलेला माणूस चालतो, तशी. रस्त्यावरच्या धुळीचा आणि घामाचा वास आला, अगदी जवळून. मग घड्याळावर आकड्याच्या जागी नुसत्या दोन रेघा उरल्या.

"पोचला गं..." हे म्हणाले.

दिवे आले तेव्हा हे माझ्या मिठीतच होते. पण गेले होते.

हॉस्पिटलमधून कपड्यांबरोबर हे घड्याळ परत मिळालं. पट्ट्याला ह्यांच्या घामाचा वास होता, म्हणून मी ते हातावर बांधलं. खुर्चीत नुसती बसून होते मी. आकडा आला शहाण्णव.

चाल ओळखीची होती हो. मी ढसाढसा रडले. कुठून निघाले आहेत कोण जाणे, पण चालत घरी येत होते. मी अगदी स्थिर बसून राहिले. आकडा उतरू लागला. नव्वद, ऐंशी... जिन्यावर त्यांचं ते जड उजवं पाऊल वाजलं. मी दार उघडायला उठणार, तोच आकडा उसळून एकशे बावन्नवर गेला.

ते येतात, पण एकटे येत नाहीत.

तेव्हापासून मी पाय थांबवत नाही. गुडघ्यांमुळे चालवत नाही मला, पण पायडल हलत राहिलं की तेवढं पुरतं. दोघेही लांब राहतात. पण माझे पाय आता भरून आलेत, आणि खरं सांगू? मला ह्यांना बघायचंय. एकदाच. सोबत कुणीही येऊ दे.

घ्या, झाली पँट. पैसे राहू द्या. फक्त थोडा वेळ माझ्याजवळ बसा. हा मी पाय उचलला. माझा हात धरा आणि घड्याळाकडे बघत राहा... उतरायला लागलाय का? किती?

आणि असे इकडे सरका. दाराकडे पाठ करून बसू नका.