कोनशिलेचं तिसरं गीत

कपाटातल्या कपबशा किणकिणायला लागल्या.

दुपारची वेळ, घरात मी एकटी. वारा नाही, मांजर नाही. कपाट उघडलं, बशीवर बोट ठेवलं, तर बोटातून काहीतरी धडधडत मनगटापर्यंत चढलं. भिंतीतून येत होतं ते. पप्पा चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचे म्हणून आम्हाला ते घर मिळालेलं. आमची स्वयंपाकघराची भिंत आणि चर्चच्या हॉलची भिंत एकच.

भांडायला गेले असते तर गोष्ट तिथेच संपली असती. मी गेले बघायला.

हॉलमध्ये चौघं होते आणि आवाज चाळीस जणांचा. सगळ्यात पुढे एक उंच, लांबुडका मुलगा बेस गिटारवर वाकलेला... डोळे मिटून. दार करकरलं तसे त्यानं डोळे उघडले.

"आवाज फार होतोय का?"

"आमच्या कपबशा नाचताहेत."

"कुठल्या सुरावर?" चेहरा अगदी गंभीर. "नाही, म्हणजे... तेवढा सूर टाळता येईल."

मग मी, शहाणीसुरती मुलगी, घरी परतून कपाटाला कान लावून बसले. तो पलीकडून एकेक सूर वाजवायचा, बशा किणकिणल्या की मी भिंतीवर ठक् करायचं. सातव्या सुराला सापडला चोर. पण दुसऱ्या दिवशी दुपारी सूर नाही, काही नाही, नुसतंच पलीकडून – ठक्.

मीही वाजवलं. ठक्.

"तुम्ही एरवी काय करता?" एकदा चर्चच्या पायरीवर मी त्याला विचारलं.

"दात."

"काय?"

"कवळ्या बनवतो, दवाखान्यामागच्या लॅबमध्ये. रविवारी पहिल्या तीन बाकांवरचं सगळं हसू माझ्या हातचं आहे."

"आणि माझं?"

त्यानं नीट निरखून पाहिलं, जरा जास्तच वेळ. "ते देवानं स्वतः केलंय. मी हात लावणार नाही."

बँडचं नाव 'कोनशिला'. गाणी सगळी प्रभूची, पण ड्रम असे की छपराची काळजी वाटावी. ड्रमवाला गवंडी होता, त्यामुळे त्याला कसली भीती नव्हती. चर्चच्या मंडळीत मात्र कुरबुर सुरू झाली. गायनवर्गाच्या काकू तर पाळकांसमोरच म्हणाल्या, "ही स्तुती आहे, का पत्रे उतरवताय?"

पाळकांनी निकाल दिला: एक रविवार, एक गाणं. मंडळीला रुचलं तर ठीक, नाहीतर हॉलची किल्ली परत.

"हॉल गेला तर बँड गेला," तो मला म्हणाला. "शहरातल्या एका लॅबनं बोलावलंय. मग सोमवारी निघेन. इथे थांबायला तसं... काय आहे?"

शेवटचं वाक्य त्यानं माझ्याकडे बघून विचारलं. आणि एरवी भिंतीशीही बोलणारी मी चपलेचा पट्टा तपासत बसले.

चर्चमध्ये वेदीजवळ लाकडी फळी असते, तिच्यावर त्या दिवशीच्या गीतांचे नंबर. ते दर शनिवारी मी लावायचे. त्या आठवड्यात तिसरी जागा रिकामी ठेवायची होती, कारण तिथे कोनशिलेचं नवं, पुस्तकाबाहेरचं गाणं. पण शनिवारी तो तारा जुळवायला आला, आणि मी हातात नंबरांची पेटी धरून त्याच्या बोटांकडे बघत राहिले...

तिसऱ्या जागी मागच्या रविवारचा एकशे अठरा तसाच राहिला.

उपासनेत तिसरी पाळी आली. गिटार कडाडली. आणि मंडळी – फळीवर नंबर आहे म्हणजे गायचं, एवढंच ठाऊक असलेली मंडळी – पुस्तकं उघडून उभी राहिली, आणि एकशे अठरावं गीत सुरू! त्याच्या तोंडी नवे शब्द, दोनशे तोंडांत जुने. त्यानं गोंधळून इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, मग फळीकडे. आणि हसला. स्वतः गायचं थांबवून गवंड्याला खूण केली, आणि चौघं त्या जुन्या शब्दांखाली जीव तोडून वाजवायला लागले. ओळीला ओळ बसत गेली. लहानपणापासून असल्याच गीतांवर वाढलेला तो, त्याच्या नव्या गाण्याला चाल दुसरी कुठून येणार! शेवटच्या कडव्याला काकूंचा आवाज ड्रमच्याही वर होता.

"तालाला धरून होतं," त्या पाळकांना म्हणाल्या. "फक्त माझी कवळी सैल झाली."

पायरीवर तो वाट बघत होता. "नंबर काढायचा राहिला कसा?"

"तुमच्या... तुझ्या बोटांकडे बघत होते."

तो कानापर्यंत लाल झाला. इतका मोठा आवाज करणाऱ्या माणसाला एवढं हळू बोलता येतं, हे मला तेव्हा कळलं.

"मी जात नाही सोमवारी," तो म्हणाला. "तू म्हणालीस तर... कधीच नाही."

"म्हणाले," मी म्हटलं.

पण त्या रविवारची गोष्ट शेजारच्या गावातल्या चर्चपर्यंत गेली. त्यांनी बोलावलं. मग त्यांच्या पलीकडच्यांनी. जुनी गीतं, पाठ असलेले शब्द, आणि खाली ही गडगड – लोक धावूनच आले. हॉल, मग मैदानं, मग रेकॉर्डिंग. आमचं लग्न झालं, त्याच्या कवळ्या सुटल्या. आता शुक्रवारी गाडी त्याला न्यायला येते आणि सोमवारी परत सोडते. कधी तो सोमवार पुढचा असतो. तो फोनवर सगळं सांगतो, आणि मी अजूनही तितक्याच उत्सुकतेनं विचारते – किती माणसं होती, कुठलं गीत उचललं, तू जेवलास का.

लेक आता पाच वर्षांची आहे. काल ती दारात त्याच्या बॅगेवर बसली होती. त्यानं तिला उचलून बाजूला केलं, तिच्या केसांवर ओठ टेकले, माझ्याकडे तेच जरा जास्त वेळ बघितलं... आणि गाडीत बसला. गाडी वळणावर दिसेनाशी होईपर्यंत ती हात हलवत होती. मग माझ्या ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत तिनं विचारलं,

"आई, बाबा इथून तिकडे जातात, का तिकडून इथे येतात?"