ओहोटीचा ठोका

करावे गावातली भागीरथीकाकींची तळमजल्याची खोली 'खाजण' बँडला मिळाली ती एकाच अटीवर. "भितीवरची जाली काढायची नाय." काकींच्या नवऱ्याला, गोटीरामकाकांना जाऊन पाच वर्षं झाली, पण त्यांची मासेमारीची जाळी चारही भिंतींवर तशीच होती. बँडला बरंच झालं; आवाज घुमत नव्हता.

अल्बमची चार गाणी झाली आणि ड्रमर इंद्रजित नोकरी धरून बंगळुरूला गेला. उरलेल्या चार गाण्यांसाठी वाशीची ज्ञानेश्वरी आली. बाप मार्केटात माथाडी; ही ड्रम शिकली ती घरातल्या डब्यांवर. ही चार गाणी जमली तर बँडमध्ये राहणार, नाहीतर नमस्कार. आणि नेमकी ती मागे पडत होती. ताल धरायला मशीन लावायचं नाही, एकमेकांकडे बघत एकदम वाजवायचं, अशी या लोकांची रीत.

"आम्ही पोचलो पण, तू अजून रिक्षाच शोधतेयस," गिटारवाला कुंदन म्हणाला.

"मग थांबा की जरा. मीटर तुमचं नाय पडत."

तिसऱ्या दिवशी दुपारी ओहोटी होती. खिडकीतून खाडीच्या चिखलाचा वास येत होता. वाजवता वाजवता ज्ञानेश्वरीला पाठीमागून ऐकू आलं: टक. टक-टक. लाकडावर लाकूड. तिने तो ठोका धरला, आणि गाणं एका दमात पार पडलं. मग दुसरं. तिसरंही.

रेकॉर्डिंगमध्येही तो ठोका होता, अगदी बारीक.

"मशीन लावलंस?" कुंदनने विचारलं.

"मला वाटलं, तू लावलंस."

काकी चहा घेऊन आल्या. कुंदनने त्यांच्या कानाला हेडफोन लावला. त्यांचा चेहरा फुलला.

"आमच्या ह्यांचा ठोका हाय तो! ओहोटीला होडीच्या फलीवर बांबू मारायचे. आवाजाला भिऊन पान्यातलं मावरं पुढं पलतं, सरल जाल्यान शिरतं."

"आणि थांबायचे कधी?" ज्ञानेश्वरीने विचारलं.

"जालं भरलं का."

"काकांचं नाव अल्बमवर टाकू," कुंदन हसला. धक्क्यावर कोणीतरी होडी ठोकत असणार, असं दोघांनी ठरवून टाकलं. चहा छान झाला होता.

चौथं गाणं.

तिला आता कोणाकडे बघावं लागत नव्हतं. ती सगळ्यांच्या पुढे होती. ठोका मागे होता, अगदी मानेजवळ.

मग तो थांबला.

ती शेवटपर्यंत वाजवत राहिली.

कुंदनने गिटार खाली ठेवली. "राहिलीस तू. आता जायचं नाव काढू नकोस."

ज्ञानेश्वरी हसली. किती दिवसांनी इतकं हलकं वाटत होतं! तिने बाह्या वर सरकवून घाम पुसला. काकींनी तिचा हात मांडीवर घेतला. मनगटापासून कोपरापर्यंत बारीक, लालसर, शंकरपाळ्यासारखे वळ उठले होते, एकाला एक लागून.

काकींनी त्यावरून मायेने अंगठा फिरवला. मग बाजाराला निघताना माशांच्या पाटीवर ओलं फडकं ओढावं, तशी तिची बाही हलकेच खाली ओढली.