माझ्या जागेवर बसलेला माणूस

माझ्या जागेवर एक माणूस बसला, आणि माझी बस मला सोडून निघून गेली.

प्रेमाची सुरुवात नजरानजरेने होते म्हणतात. आमची शिवीने झाली. त्याला तर तेव्हा नजरच नव्हती. ते पुढे येईलच.

आम्ही चौघं आशिया पालथा घालायला निघालो होतो, पाठीवर सॅक आणि पायात शाळेतली जुनी मस्ती. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये लोकांचं रक्त काढते. बरोबर दोघी जुळ्या मैत्रिणी होत्या, बसल्या जागी घोरणाऱ्या. आणि मुकादम. मुकादम गोदामात पोत्यांच्या थप्प्या बघतो, म्हणून मुकादम. बस सुटायच्या आधी माणसं मोजायचं काम त्याच्याकडे. तोही थप्पी मोजावी तसा मोजायचा. डोक्यावरून हात फिरवत, एक, दोन, तीन. "पोतं मोजायचं असतं, उघडून बघायचं नसतं," हे त्याचं धंद्यातलं तत्त्व.

त्या सकाळी बस घाटमाथ्यावर थांबली. धुकं असं की स्वतःचे हात परके वाटावेत. दोन निळ्या बस शेजारी-शेजारी उभ्या आणि सगळे प्रवासी डोक्यापर्यंत पांघरुणात. मी चहाच्या टपरीमागे बाथरूमला गेले. दाराची कडी अडकली. मी धक्के मारले, लाथा मारल्या. टपरीवाल्या म्हातारीने बाहेरून दार उघडलं तेव्हा दोन्ही बस गेलेल्या होत्या.

फोन सॅकमध्ये. सॅक बसमध्ये. बस धुक्यात. मी घाटाकडे तोंड करून मुकादमच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. म्हातारीला माझी भाषा कळत नव्हती, पण शिव्या कळल्या असाव्यात. तिने चहाचा पेला हातात दिला आणि पाठीवर थोपटलं.

बऱ्याच वेळाने कोबीने भरलेला एक ट्रक वर आला. त्यातून एक उंच माणूस उतरला, माझी सॅक बाळासारखी छातीशी धरून. सरळ टपरीच्या खांबापाशी गेला आणि खांबाला म्हणाला, "माफ करा हं... तुम्हीच ना त्या?"

आपली भाषा! पण मी खांबाच्या या बाजूला होते.

"मी इकडे आहे. आंधळे आहात का?"

"सध्या... थोडा."

"माझ्या बसचं काय केलंत?"

"बसलो तिच्यात. मग झोपलो. दोन्ही बाजूंनी घरघर येत होती, मला वाटलं इंजिनच आहे."

"त्या माझ्या मैत्रिणी आहेत."

"कळलं नंतर. घाट उतरल्यावर तुमच्या मित्राने बिस्किट द्यायला पांघरूण ओढलं आणि माझ्या मिशा बघून किंचाळला. ड्रायव्हर बस वळवायला तयार होईना. ते तिघं खाली थांबलेत. मी म्हटलं, घोळ माझा, मीच जातो."

"तुमची स्वतःची बस?"

"गेली. माझी पिशवी पुढच्या डेपोत उतरवतील." तो हसला. माझ्याकडे नाही, माझ्या कानाजवळच्या हवेकडे. "बस निळी आहे एवढंच दिसलं हो. निळ्या दोन आहेत, हे दिसलं नाही."

मग चष्म्याची गोष्ट निघाली. हा माणूस चष्म्याच्या दुकानात भिंगं घासतो. सकाळी त्याने म्हातारीचा चष्मा पाहिला. स्क्रू पडलेला, काच निसटलेली. त्याने स्वतःच्या चष्म्याचा स्क्रू काढून तिला बसवून दिला. आता त्याची फ्रेम एका खिशात आणि काच दुसऱ्यात.

"स्वतःचा काढून दिलात? डोकं आहे का?"

"तिला सुई ओवायची होती," तो म्हणाला. "मला काय, फक्त बसमध्ये चढायचं होतं."

मी तोंडात आलेली शिवी गिळली आणि त्याच्यासाठी चहा सांगितला. माझ्या बाबतीत हे क्वचित घडतं.

घाट उतरणारी पुढची बस दुपारी होती. आम्ही बाकावर बसून राहिलो. बारीक पाऊस सुरू झाला. पत्र्यावर कुणी बोटं वाजवत असावं, तसा.

"मी तुम्हाला कशी दिसते?" मी सहज विचारलं. म्हणजे, तितकंही सहज नाही.

"ढगासारखी. रागावलेल्या ढगासारखी." त्याने कान माझ्याकडे केला. "पण आवाजावरून सांगू? भुवया जाड असणार. बोलताना डावी वर जात असणार."

माझी डावी भुवई तेव्हा वरच होती. मी ती गुपचूप खाली आणली.

मग मला एकदम आठवलं. सॅकच्या बाहेरच्या कप्प्यात चिकटपट्टीचं रीळ होतं. लॅबची सवय, रक्त काढल्यावर कापूस दाबून बसवायची ती पांढरी पट्टी. मी त्याची काच फ्रेममध्ये बसवली आणि कडेला पट्टी गुंडाळली, घट्ट. मग चष्मा स्वतःच्या हाताने त्याच्या डोळ्यांवर चढवला.

त्याने पाहिलं.

नुसता पाहत राहिला... पाऊस पत्र्यावर वाजत होता, आणि मी, जी रोज शेकडो नसा शोधते, तिला स्वतःची नाडी कानात ऐकू येत होती.

"काय झालं? नंबर चुकला का?"

"नाही," तो म्हणाला. "भुवया बरोबर निघाल्या."

डेपोत त्याची पिशवी मिळाली, पण तो आमच्याबरोबरच राहिला. चौघांचे पाच झालो. समुद्रावर मी बोटीत उलट्या काढल्या तेव्हा जुळ्या फोटो काढत होत्या. तो माझे केस मागे धरून बसला होता. बाजारात गर्दी झाली की त्याची बाही माझ्या मुठीत यायची, आणि गर्दी संपली तरी तिथेच असायची. मुकादम म्हणाला, "हे पोतं आपल्या थप्पीतलं नाही, पण बसतंय बरं." आणि गंमत म्हणजे त्याचं दुकान माझ्याच शहरात निघालं, लॅबपासून दोन चौक पलीकडे. काखेत कळसा आणि आख्ख्या आशियाला वळसा!

परतल्यावर स्टेशनात मी त्याच्यासमोर उभी राहिले. म्हटलं, आता बोलेल.

"प्रवासातून आलेल्या डोळ्याचा नंबर आम्ही लगेच काढत नाही," तो चाचरत म्हणाला. "थकलेल्या डोळ्याला सगळंच... वेगळं दिसतं. आधी विसावू द्यायचा. घरच्या उजेडात राहा जरा. मग वाटलंच तर... दुकानात ये."

"आणि नाही वाटलं तर?"

"तर मी समजेन."

शहाणा! मी सॅक उचलली आणि मागे न बघता चालू पडले. भित्रेपणाला माणसं काय काय नावं देतात.

घरी आत्याने स्थळ आणून ठेवलं होतं. आणि एक तंबी. "फिरायला गेली होतीस ते तोंडातून काढायचं नाही. मुलं-मुली मिळून उंडारत होती म्हटल्यावर कोण पदरात घेईल?"

आई स्वयंपाकघरात. बाबा पेपरात.

पाहुणे आले. मुलगा बरा होता, उगाच नावं ठेवणार नाही. त्याच्या आईने विचारलं, "बाहेर कुठे फिरलीस का गं?"

"छे हो!" आत्याच बोलली. "घर ते लॅब, लॅब ते घर. गरीब गाय आहे आमची."

"आमचा मात्र भटक्या!" मुलाची आई कौतुकाने म्हणाली. "मागच्या वर्षी मित्रांबरोबर आख्खा आशिया फिरून आला."

"वा!" सगळे म्हणाले. आत्यासुद्धा. "मुलगा अनुभवी आहे हो."

तो घाट, ते धुकं, ती म्हातारी, बाहीचं ते कापड... सगळं माझ्या आयुष्यातून पुसून टाकायचं, कारण त्याने केलं तर अनुभव आणि मी केलं तर उंडारणं? डोळा विसावायची वाट बघत होते ना? तेवढ्यात उघडला.

"मीपण गेले होते," मी म्हटलं.

बशीवर चमचा वाजला.

"कुणाबरोबर?" मुलाच्या आईने विचारलं.

"दोन मैत्रिणी आणि एक मित्र. वाटेत एक अनोळखी माणूसही मिळाला. त्याची आठवण येते मला. रोज."

आत्या हसायला लागली, रडता येत नाही म्हणून हसतात तशी. "थट्टा करते हो ती..."

"थट्टा नाही," बाबांनी पेपर घडी करून ठेवला. "मीच गेलो होतो तिला स्टेशनवर सोडायला. सॅकसुद्धा मीच आणून दिली होती."

बाबा एवढं एकच बोलले. मला पुरलं.

पाहुणे चहा अर्धा टाकून गेले. आत्याने कपाळाला हात लावला. "आता कोण करणार हिच्याशी लग्न?"

"थांब," मी चपला घातल्या. "विचारून येते."

दुकान छोटं होतं. भिंतभर फ्रेम्स, चकचकीत, रांगेने लावलेल्या. गल्ल्यावर त्याचे वडील. आत तो पाठमोरा, भिंग घासत होता. वळला. आणि मी दारातच थबकले.

एवढ्या फ्रेम्सच्या दुकानात, त्याच्या नाकावर तोच चष्मा होता. कडेला माझी चिकटपट्टी, मळून पिवळी पडलेली.

"स्क्रू नाही का मिळाला तुमच्या दुकानात?" मी विचारलं.

"डबा भरून आहेत!" वडील कडाडले. "गिऱ्हाईकं हसतात. धंद्याची अब्रू घालवली याने. विचारलं तर म्हणतो, बसवणारी आली की सोडवीन." मग त्यांनी माझ्या भुवयांकडे निरखून पाहिलं. "तूच का गं ती?"

तो कानापर्यंत लाल झाला होता.

"डोळा विसावला माझा," मी त्याला म्हटलं. "काढ नंबर."

त्याने मला खुर्चीत बसवलं. समोर अक्षरांचा तक्ता होता, पण मध्ये तो उभा राहिला, बाजूला व्हायचंच विसरला.

"काय दिसतंय?"

"एक भित्रा माणूस."

"स्पष्ट?"

"अगदी."

"मग..." त्याने चष्मा नाकावर सरकवला. "मग चष्म्याची गरज नाही. मला मात्र तुझी आहे. त्या घाटावरच होती. बोलायला हवं होतं मी."

"हवंच होतं," मी म्हटलं, आणि त्याच्या बाहीला हात घातला. बाजारात गर्दी नसतानाही धरायचे, तशी.

यंदा पुन्हा निघालो. आत्या अबोला धरून होती, पण प्रवासासाठी डबा तिनेच भरून दिला. मुकादम आता शहाणा झालाय. बस सुटायच्या आधी प्रत्येकाचं पांघरूण उचलून खात्री करतो. जुळ्या मोजल्या. स्वतःला मोजलं. मग आमच्या सीटशी येऊन डोकं खाजवत उभा राहिला.

"अरे, एका पांघरुणात दोन पोती. मोजायची कशी?"

"उघडून बघू नकोस," आतून आवाज आला. तो माझा नव्हता. "नुसतं मोज."