प्रत्यक्ष पाहून

फॉर्मचा प्रकार: लिफ्टची मासिक तपासणी.

(साहेब म्हणाले, "कबुलीजबाबाचा छापील फॉर्म आपल्याकडे नाही. यावरच लिहा, पण रकाने पाळा." पाळतो आहे. रकान्यात मावणार नाही ते बाहेर सांडेल, त्याला इलाज नाही.)

तपासनीस: ऑफिसात आणि कामाच्या इमारतींतही मला मिलिमीटर म्हणतात. नोकरीच्या पहिल्याच वर्षी एका जुन्या मेकॅनिकने मला विचारलं होतं, "ब्रेकचं अस्तर थोडं झिजलं तर काय बिघडतं रे?" मी म्हणालो, "थोडं म्हणजे किती मिलिमीटर?" तेव्हापासून बावीस वर्षं तेच नाव चिकटलं. मला ते आवडायचं. खोटं का बोला, फार आवडायचं.

जागा: सात मजल्यांची राहती इमारत. तळाला वॉचमनची केबिन, समोर लिफ्ट. लिफ्ट सातव्या मजल्यापर्यंत जाते. पुढे गच्चीचा जिना, गच्चीवर एकोणीस पायऱ्यांची उभी लोखंडी शिडी आणि शिडीच्या टोकाला मशीन रूम. आत मोटर, ब्रेक, मेन स्विच आणि एक बल्ब. बल्ब पिवळा.

मागील तपासणी कोणी केली:

हाच तो रकाना.

प्रत्येक लिफ्टची दोन कार्डं असतात. एक मशीन रूमच्या दाराला आतून ठोकलेलं, दुसरं खाली केबिनमध्ये. तपासनिसाने आधी वर जायचं, ब्रेकचं अस्तर मोजायचं, आकडा वरच्या कार्डावर लिहायचा. मग खाली येऊन खालच्या कार्डावर नुसतं 'ठीक' लिहून सही करायची. खालचं कार्ड दर महिन्याला ऑफिसात जातं. वरचं कोणी मागत नाही. दोन्ही कार्डांवर सहीच्या वर एक ओळ छापलेली असते: 'वरील मजकूर मी प्रत्यक्ष पाहून लिहिला आहे.'

चौदा महिन्यांपूर्वी माझा उजवा गुडघा गेला. पाय ओढत चालायला लागलो. सपाटीवर जमतं, शिडी जमत नाही. शिडी न चढणाऱ्या तपासनिसाला ऑफिसात फायली लावायला बसवतात. मला मिलिमीटरच राहायचं होतं. म्हणून मी त्या महिन्यात वर न जाता खाली सही केली. एकदाच, असं ठरवून. पुढच्या महिन्यातही एकदाच. लोक उंटावरून शेळ्या हाकतात. मी उंटाच्या पायाशी बसून हाकत होतो.

चौथ्या की पाचव्या महिन्यात केबिनमध्ये सही करून निघालो आणि चष्म्याची डबी विसरली म्हणून दहा मिनिटांत परत आलो. वॉचमन माझ्याकडे बघतच राहिला.

"उतरलात पण?"

"कुठून?"

"वरून. आत्ता जिन्यात तुमचा पाय ऐकला की मी. घासत, थांबत. म्हटलं, लिफ्टवाला माणूस आणि जिन्याने चढतोय, हलवायाने उपाशी राहावं तसं."

मी हसलो. तोही हसला. डबी घेतली आणि निघालो.

घरी बायकोने माझा शर्ट उजेडात धरला. "अहो, बाहीला पुन्हा ग्रीस! कामाला जुना शर्ट घाला म्हणून किती वेळा सांगायचं? ऐकत नाही तुम्ही." त्या दिवशी मी पेनाशिवाय कशाला हात लावला नव्हता.

गुडघ्याचा डॉक्टर म्हणाला, "शिड्या चढणं बंद करा." मी म्हणालो, कधीच बंद केलंय. त्याने एक्स-रे पुन्हा पाहिला आणि म्हणाला, "माणसं खोटं बोलतात, हाडं बोलत नाहीत."

नंतर एकदा शर्टाच्या खिशात चिठ्ठी मिळाली. कागदाच्या कपट्यावर फक्त आकडा: ३॰१. मी दशांशाच्या टिंबाऐवजी बारीक वर्तुळ काढतो, कारण ग्रीसच्या बोटाखाली टिंब हरवतं. असं लिहिणारा दुसरा माणूस माझ्या पाहण्यात नाही. जुनी चिठ्ठी असेल म्हणून फेकली.

इमारतीतील रहिवाशांची तक्रार: तक्रार नाही. तक्रार असती तर बरं झालं असतं.

सातव्या मजल्यावर एक निवृत्त शिक्षिका एकट्या राहतात. सगळे त्यांना बाई म्हणतात. हृदयाचा त्रास आहे, जिना बंद. मागच्या महिन्यात त्या खाली भेटल्या.

"मिलिमीटर, तुम्ही पाणीसुद्धा न पिता जाता हो. गच्चीचं दार वाजलं की मी भांडं भरून ठेवते. तुम्ही नुसती मान हलवता नि उतरता. रागावलात का माझ्यावर?"

"नाही, बाई. घाई असते."

"असू दे. एक सांगू? देवावरचा माझा विश्वास कमी-जास्त होतो. या वयात व्हायचाच. पण लिफ्टमध्ये मी डोळे मिटून उभी राहते. तुमची सही असते ना खाली."

त्या रात्री मला जेवण गेलं नाही. बायकोला सांगितलं, पित्त.

तपासणीचे कारण: सोमवारी साहेबांनी सांगितलं की या वेळी वरची कार्डंही जमा करायची आहेत. साधा नियम होता, कोणाचा संशय नव्हता. पण खाई त्याला खवखवे. माझं वरचं कार्ड चौदा महिने कोरं असणार होतं.

मंगळवारी दुपारी मी तिथे गेलो. खिशात तीन पेनं होती, तीन वेगळ्या शाया. चौदा आकडे मनाने ठरवून घरूनच लिहून आणले होते. हेही इथे लिहायला हवं: मी तपासायला चढलो नाही, मी कार्ड भरायला चढलो.

शिडीला अर्धा तास लागला. दर पायरीला गुडघ्यात खिळा. गच्चीवर कोणाची तरी चादर वाळत होती, तिच्याकडे बघत चढलो.

आढळलेली स्थिती:

कुलूप उघडलं. चौदा महिने बंद असलेल्या खोलीला एक वास असतो. तो नव्हता. ताज्या ग्रीसचा वास होता. मोटर पुसलेली. जमिनीवरच्या धुळीत दारापासून ब्रेकपर्यंत एक वाट पडलेली, डावीकडे पावलांचे ठसे आणि उजवीकडे एक सलग घासलेली रेघ.

दाराच्या आतलं कार्ड भरलेलं होतं.

चौदा ओळी. चौदा तारखा, खालच्या कार्डावर मी टाकलेल्याच. चौदा सह्या माझ्या. आकडे ४॰४ पासून उतरत आलेले, मध्ये बारीक वर्तुळं. तीनच्या खाली गेलं की अस्तर बदलायचं, तोवर लिफ्ट बंद ठेवायची, हा नियम. शेऱ्याच्या रकान्यात आधी 'ठीक', मग 'आवाज येतो'. बाराव्या महिन्याला '३॰१. खाली सांगितलं.' तेराव्याला '२॰९. बंद करायला हवी. खाली सांगितलं.'

चौदाव्याला '२॰७. सांगितलं. ऐकत नाही.'

मी माप काढलं. अस्तर मोजलं. तीनदा मोजलं.

दोन पूर्णांक सात.

मग मला एक गोष्ट कळली, आणि ती कळल्याची लाज मला या सगळ्यापेक्षा जास्त आहे. मी वाचलो होतो. चौदा महिने मी वर आलो होतो याचा पुरावा माझ्याच अक्षरात माझ्यासमोर होता. शेवटचे तीन शेरे तेवढे नको होते. ग्रीसचा एक अंगठा फिरवला की झालं.

मी अंगठा ग्रीसला लावला.

शेजारची मोटर सुरू झाली.

खालून कोणीतरी बटण दाबलं होतं. दोर धावायला लागले. मी ब्रेककडे बघत होतो. पहिला मजला, दुसरा, तिसरा. मोटर थांबली की ब्रेकने पकडायचं असतं.

सातव्यावर मोटर थांबली. ब्रेक बसला, घसरला, पुन्हा बसला.

खाली लिफ्ट वीतभर उतरली. हादरा माझ्या पायाखाली आला.

लिफ्टच्या पोकळीतून आवाज आला, दमलेला.

"कोण आहे वर? मिलिमीटर, तुम्हीच ना?"

 त्या प्रश्नाचं उत्तर मला माहीत नव्हतं.

"तुम्हीच असाल," बाई म्हणाल्या. दार सरकलं. त्या बाहेर पडल्या. दार लागलं.

मी मेन स्विच खाली ओढला.

केलेली कार्यवाही: लिफ्ट बंद. दाराला पाटी. अंगठा चिंधीला पुसला. कार्डावर पंधरावी ओळ लिहिली: '२॰७. मागच्या चौदा महिन्यांत मी इथे आलो नाही. खालच्या सह्या न पाहता केल्या.' वॉचमनला सांगितलं की बाईंना लागेल ते वर पोचवायचं. तो म्हणाला, "आत्ता बंद केलीत? गेल्या महिन्यात वरून येताना तुम्हीच म्हणत होतात की बंद करायला हवी. स्वतःशीच. म्हटलं, घरचा काही व्याप असेल."

वरिष्ठांचे मत: साहेब चांगले आहेत. त्यांनी दोन्ही कार्डं शेजारी ठेवली, माझ्या जुन्या फाइलमधली सही काढून ताडून पाहिली.

"अहो, अक्षर तुमचं, सही तुमची, आकडे बरोबर. उगाच स्वतःवर आळ कशाला घेता?"

"मी वर गेलोच नाही, साहेब."

"मग कोण गेलं?"



साहेबांनी कार्डं बाजूला सारली. म्हणाले, "माणूस थकतो. विसरतो. दोन दिवस घरी बसा, मग बोलू. शेवटच्या शेऱ्यांवर शाई सांडली म्हणता येईल."

"नको."

"नोकरी जाईल, मिलिमीटर."

"जाऊ दे. त्या बाई डोळे मिटून उभ्या राहतात."

त्यांनी हा फॉर्म माझ्याकडे सरकवला. "लिहा मग. पण सही हवी. बिनसहीचा कागद म्हणजे रद्दी. उद्या सकाळी नसेल, तर मी वरचं कार्ड खरं धरून फाइल बंद करणार."

शेरा:

सही: 'वरील मजकूर मी प्रत्यक्ष पाहून लिहिला आहे.'

*(मागची बाजू)*

शेऱ्याचा आणि सहीचा रकाना मी मोकळा ठेवला आहे. कारण सांगतो.

बायकोला सगळं सांगितलं. ती रडली नाही. म्हणाली, "एवढं पोटात ठेवून जेवत होतात?" मग म्हणाली, "करा सही नि मोकळे व्हा."

पण ती छापील ओळ. मी माझ्या चौदा खोट्या सह्या पाहिल्या आहेत, पंधरावी ओळही पाहिली आहे. वरच्या चौदा फेऱ्या मी पाहिलेल्या नाहीत, आणि त्या या कागदावर आहेत. न पाहिलेल्याखाली पुन्हा सही करायची नाही, हे मशीन रूममध्येच ठरवलं होतं. सही केली तर पंधरावं खोटं. नाही केली तर उद्या सकाळी मी निर्दोष.

साडेसहा वाजले होते, अजून उजेड होता. पेनाला टोपण लावलं, कागदावर ठेवलं आणि चहा घ्यायला आत गेलो. बायको माझ्यासमोरच बसली होती. घरात तिसरं कोणी नाही. चहा अर्धा झाला असेल, तेव्हा ती म्हणाली, "तुमचा गुडघा तर इथे आहे. मग बाहेर पाय कोण घासतंय?"

बाहेर आलो. कोणी नव्हतं. पेनाचं टोपण काढलेलं होतं.

छापील ओळीखाली सही झाली आहे. बोट लावलं तर शाई पसरली. शेजारी ग्रीसचा अंगठा आहे. माझे हात मी दिव्याखाली धरून पाहिले, बायकोनेही पाहिले. स्वच्छ आहेत.

शेऱ्याच्या रकान्यात माझ्या अक्षरात एकच शब्द आहे.

'ऐकलं.'